सूतभर

जर्मनीहून खोकं यायला सात आठवडे लागले.
ओअमारूच्या पोस्टातल्या पोरीनं ते एका हातानं पुढे केलं.
एवढं मोठं, आणि आत हवाच की काय?
आत तीन काळी झाकणं,
इंजिनाच्या दोन कुशींची दोन,
एक पुढचं, रेडिएटरवरचं.

लावून बघितली तर उलटी.
म्हणजे सुलटीच, पण त्या देशाची
जिथे चालवणारा डावीकडे बसतो.
आमच्या गाडीत ब्रेकच्या तेलाची बाटली उजवीकडे,
आणि उजव्या झाकणाचा नेमका तोच कोपरा भरीव.
डावीकडे, जिथे काहीच नाही,
त्या काहीच-नाहीसाठी नीट कापलेली खाच.

परत पाठव, मी म्हटलं.
फर्गसनं चष्मा कपाळावर सरकवला.
एकेचाळीस वर्षं या माणसानं कवळ्या केल्या.
अर्ध्या गावाचं हसू
आमच्या मागच्या शेडमध्ये घासून गुळगुळीत झालंय.
तो बॉनेटखाली वाकला आणि म्हणाला,
"आ करा."

गाडीनं केलेलाच होता.

मग तीन शनिवार.
विजेची करवत नको, तिनं प्लास्टिक वितळतं
आणि कापल्या जागी पुन्हा चिकटतं.
हातकरवत, तीही कोपऱ्यापुरती. बाकी सगळं कानशीनं,
अर्धगोल, मूठ त्याच्या अंगठ्याएवढी झिजलेली.
कुठं टेकतंय ते कळायला कवळीला निळा कागद असतो,
तो केव्हाच संपलाय,
म्हणून माझी लिपस्टिक मागितली.
बाटलीच्या टोपणाला लाल फासलं,
झाकण दाबलं, उचललं,
आतल्या अंगाला नखाएवढी खूण.
तेवढंच घासायचं.
पुन्हा लाल, पुन्हा दाब, पुन्हा घास.
सूतभर. अर्धं सूत. केसभर.
मी टॉर्च धरून; हात अवघडला की दुसरा हात.
काळा कीस त्याच्या भुवयांवर,
माझ्या चहात, कुत्र्याच्या पाठीवर.

दुसऱ्या शनिवारी तो चुकला.
झाकण पालथं ठेवून आखलं,
आणि पालथ्यावर डावं ते उजवं होतं हे
ज्यानं जन्मभर तोंडांचे उलटे साचे ओतले
तोच विसरला.
चांगल्या बाजूचा कोपरा फरशीवर पडला,
आवाज नख कापल्याएवढा.
मी टॉर्च विझवली. का, कोण जाणे.

अंधारात तो म्हणाला, "मिसेस हॉल्डेन."
मला आठवल्या. वरची कवळी, तीनदा केली, तीनदा सैल.
चौथी साच्यावर चपखल बसली,
पण न्यायला आल्याच नाहीत.
आदल्या बुधवारीच गेल्या होत्या.
शेडमधल्या खणात आहे अजून, स्क्रूंच्या डब्यामागे.

"लाव तो टॉर्च."

पडलेला कोपरा त्यानं खालून डाग देऊन जोडला,
तापल्या सळईनं, स्टेपलचे टाके घालत.
वरून घासला. मग बोट फिरवलं, डोळे मिटून,
दातावरून जीभ फिरवावी तसं.
मलाही फिरवायला लावलं.

मंगळवारी गाडीची वार्षिक तपासणी.
गॅरेजमधल्या टेविटानं तिन्ही झाकणं काढली,
न बघता बाकावर टाकली.
ब्रेकचं तेल, वायपर, दिवे.
आणि परत बसवली, एकेका दाबात,
खट्, खट्, खट्.
मागचा डावा टायर बदला, एवढंच म्हणाला.

फर्गस शीळ घालत गाडी चालवत होता.
"लक्षातच नाही आलं त्याच्या!"
पुलावर पुन्हा, "काढलं, ठेवलं, आणि लक्षातच नाही!"
टायरचं काय, मी विचारलं.
कसला टायर, म्हणाला.

मी पर्समधून लिपस्टिक काढली.
टोक चपटं झालेलं, त्यात काळा कीस.
लावली तशीच.