मोजता येईल तेवढंच

शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाशी,
साड्यांच्या दोन दुकानांत चेंगरलेलं माझं डीटीपी.
कॉम्प्युटर दोन हजार चारचा, हार्ड डिस्क चाळीस जीबी,
त्यात आता मोकळी जागा बोटभर.
नवी पत्रिका करायची
तर कुणाचं तरी बारसं पुसावं लागतं.

गेल्या महिन्यापासून ती टकटक करायला लागली,
बंद दारावर कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तशी,
थांबून, पुन्हा.
अडवेश इटगीनं पत्र्याला कान लावला.
"अक्का, ही जाणार बघा. आठ दिवस, फार तर पंधरा."
डॉक्टरसुद्धा इतकं सरळ सांगत नाहीत.

नवाच घे की, म्हणाले सगळे.
पण माझा मराठी फॉन्ट जुन्या चालीचा,
दुसऱ्या मशीनवर उघडला की 'श्री'ची होते टक्केवारी,
'चि. सौ. कां.'च्या जागी नुसते कंस.
त्याची सीडी देणारा दुकान विकून हुबळीला गेला.
कन्नड फॉन्टचंही तेच.
दोन्ही भाषा एकाच जुन्या खोलीत राहायला,
खोली बदलायची तर भिंतींसकट उचलायची.

रविवारी दुपारी त्यानं झाकण काढलं.
पंख्याच्या पात्यांवर वीस वर्षांची धूळ
आणि पत्रिकांवरची सोनेरी चमकी.
एक रुंद राखाडी केबल, तिची कड लाल.
नवी डिस्क त्यानं शर्टाच्या खिशातून काढली,
बिस्किटाच्या पुड्याहून हलकी. पाचशे जीबी.
मधे बसवला नखाएवढा कन्व्हर्टर.
"दुभाषी आहे," म्हणाला, "हिचं त्याला सांगतो, त्याचं हिला."
असले दुभाषी आमच्या गल्लीत घरटी एक.

सुरू केलं.
जुन्या बोर्डानं बराच वेळ घेतला
आणि लिहिलं: एकशे अठ्ठावीस.
"पाचशेचे पैसे मोजलेत की रे!"
"जागा आहे, अक्का. ह्याला त्याच्या पुढं मोजता येत नाही.
हा झाला तेव्हा एवढा मोठा आकडा कुणी धरलाच नव्हता."
मी गप्प बसले.
खानापुरात मामाचा एक तुकडा आहे तसाच.
पायाखाली आहे, पहाणीत नाही.

रात्रभर कॉपी चालली.
लाईट दोनदा गेली, यूपीएसनं कण्हत तग धरला.
शटरखालून उजेड आला तेव्हा अडवेश ओरडला,
"बंतु! अक्का, बंतु!"

सतरा फाईली आल्या नाहीत.
त्यांची नावं तेवढी पडद्यावर:
फायनल दोन. खरं फायनल. कुरबेट साखरपुडा.
पाटी, कन्नड वर मोठं, मराठी खाली.
आणि एक नुसतीच, 'माझी'.
काय होतं तिच्यात? अर्ज? बायोडाटा?
कधीतरी लिहून लपवलेलं काही?
बरं झालं, म्हणणार होते.
म्हटलं नाही.

जुनी डिस्क ड्रॉवरमध्ये, गोंदाच्या बाटलीजवळ.
नवी अजिबात आवाज करत नाही,
म्हणून मी प्रत्येक फाईल दोनदा सेव्ह करते.

सोमवारी बाळाप्पा हुंदरे आले.
थोरल्याची पत्रिका होती ना तुझ्याकडं,
तीच काढ, धाकट्याचं नाव घाल.
पूर्वी ती फाईल उघडेपर्यंत एक चहा व्हायचा,
आणि अर्ध्या शहापूरची खबर.
आता ते चप्पल काढतायत तोवर
गणपती पडद्यावर हजर.
"एवढ्यात?" म्हणाले, जरा नाराजच.
"मग चहा कशावर प्यायचा?"

तारीख बदलली. कार्यालय बदललं.
थोरल्या सुनेचं नाव मी माऊसनं धरलं,
ते निळं झालं.
"थांब जरा," बाळाप्पा म्हणाले,
आणि स्टूल ओढून बसले.