माया

पहिला पाय मी अगदी मापात केला होता.
मापात म्हणजे
कॅलिपरचं तोंड जिथे टेकलं, तिथेच.
साच्यावर कानस फिरवताना श्वास धरून ठेवायचे,
अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे नको.

सुमली राठवा, वय सात,
छोटाउदेपूरच्या पुढे बस जिथून मागे वळते
तिथून आणखी तासभर चालत.
चालत, हे तिचे वडील म्हणाले.
ती काही बोलली नाही.

दोन दांड्यांच्या मधून ती पहिल्यांदा गेली तेव्हा
सगळं वर्कशॉप हातातलं काम थांबवून बघत होतं.
साहेब म्हणाले, याला म्हणतात फिटिंग.
त्या संध्याकाळी दांडिया बाजारात
मी एकटीने दोन प्लेट शेव-उसळ खाल्ली.

आठ महिन्यांनी ते परत आले.
सुमली पाठीवर,
पाय खताच्या पिशवीत.
"बेन, पग नानो थई गयो."

पाय लहान झाला.
जसा काही पायच आटला,
पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं तसा.
मी काढून उलटसुलट पाहिला.
तडा नाही, रिबिट ढिली नाही.
काम निर्दोष होतं
आणि मुलगी वाढली होती.

त्यानंतर काही दिवस मला जिथे तिथे धडे दिसू लागले.
उसळवाला तरी वेगळी ठेवतो,
आधी तोंडाकडे बघून विचारतो, किती?
तेवढं मी उचललं. आता साच्याआधी विचारते,
कुठे टोचतं, शाळेत जमिनीवर बसतेस की बाकावर.
उतराण झाल्यावर सुरसागरच्या कठड्याशी
एक म्हातारा मांजाचा गुंता सोडवत बसायचा.
तीन दिवस मी स्कूटर थांबवून पाहत राहिले,
यातही काहीतरी असणार.
चौथ्या दिवशी त्याने घरून कात्री आणली.

मग जूनमध्ये ऋजुताचा गणवेश घेऊन
विश्रामकाका बगाड्यांकडे गेले.
दोन वर्षांचा जुना, कुशीत घट्ट.
त्यांनी ब्लेडने शिवण उसवली,
बोटाने आतली पट्टी बाहेर काढली.
धुऊन धुऊन राखाडी झालेला निळा
आत अजून दुकानातला निळा होता.

"ही केव्हा ठेवलीत?"
"शिवला तेव्हाच. पोर वाढणार नाही होय?"

माया.
आई ब्लाउज टाकताना उंबऱ्यातून ओरडायची,
माया भरपूर ठेवा हं.
हजारदा ऐकलेला शब्द
त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरला.

दुसरा पाय मी ढगळ केला.
म्हणजे बाहेरून जरा जाडच;
आत तीन अस्तरं, एकात एक,
वाढेल तसं एकेक काढायचं.
नळीलाही दोन बोटं उंची राखून ठेवली.
साहेबांनी हातात घेऊन वजन केलं,
भुवई वर गेली.
मी म्हटलं, असू दे.

हे सगळं मी काकांना सांगायला गेले,
पेढे घेऊन.
त्यांनी दातात धरलेली टाचणी काढली,
पेढा तोंडात टाकला.
"त्यात कसलं आलंय ज्ञान, बाई?
माया नाही ठेवली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं."
आणि मशीनचं चाक फिरवलं.

परवा सुमली आली. पाठीवर नाही.
फाटकापासून टेबलापर्यंत, बूट कर्रकर्र वाजवत.
म्हणाली, आवाज येतो, हसतात पोरं.
तेल घातलं.
मग पहिलं अस्तर सोलून काढलं,
तिच्या मांडीच्या घामाचा वास असलेलं,
कडेला पेनाने कुणाचं तरी नाव गिरवलेलं.

मी ते कचऱ्यात टाकायला वळले
तर तिने हात पुढे केला.
काय करणार ह्याचं?

"कोंबडीचं पिलू मावेल," ती म्हणाली,
आणि आत मूठ घालून बघितली,
किती जागा आहे.