बांधून झाल्यावरचा नकाशा

औशाच्या नाक्याजवळ शमशोद्दीनची कडबा कुट्टी आहे.
पेंडी सोडताना धाटांमध्ये अडकलेला
गवताचा चेंडू त्याला दिसला
आणि त्यानं मशीन बंद केलं.
गिऱ्हाईक खोळंबलं. तो डबा घेऊन थेट माझ्या दारात.
"बाई, तुमी घराचे नकाशे काढायच्या ना,
मग ह्यांचंबी कायतरी बघा."
डब्यात तीन उंदीर,
तिन्ही मिळून एका लिंबाएवढे.
शेपट्या मात्र अंगापेक्षा लांब,
डब्याच्या कडेला बोटासारख्या गुंडाळलेल्या.

मी अनुरेखक होते, लातूरला, एकतीस वर्षं.
साहेब काढत. मी वर ट्रेसिंग पेपर ठेवून
शाई फिरवत असे.
स्वतःची रेघ अशी कधी मारली नाही.

बहिणीच्या नातवाचा फिशटँक माळ्यावर पडून होता.
आधी आडवाच ठेवला.
ह्यांना जमीन फारशी लागत नाही, उंची लागते,
हे कळायला मला दोन रात्री गेल्या.
मग टँक उभा केला, उघड्या बाजूला जाळी.
ज्या भोकातून पेन्सिल जाते त्यातून उंदीर जातो,
म्हणून बारीक विणीची, आणि स्टीलची,
प्लास्टिक रातोरात कुरतडतील.
हार्डवेअरच्या बारात्यांनी जाळी मोजून दिली
आणि न विचारता उंदराचं औषधही पुढं केलं.

एकास पाच प्रमाण. जुना पेन, शून्य पॉइंट दोन.
उत्तरेची भिंत, कारण मार्च निम्मा झालाय
आणि दुपारी काच हाताला चटका देते.
खाली वाळू चार बोटं. ज्वारीची धाटं, उभी, पाल्यासकट.
पाण्याला बाटलीचं झाकण.
कोठार वेगळं: राळा, बाजरीचं अर्धं कणीस,
मिळालाच तर एखादा नाकतोडा.
झोपायची खोली म्हणजे आगपेटी, कोपऱ्यात, अंधारात,
आत कापूस पिंजून.
कोपऱ्यात चौकट आखली, आणि मालकाच्या नावापुढं
हातानं आपोआप लिहिलं:
लाभार्थी.

भूकंपानंतर
एका गावाच्या मांडणीत मी एकच घर
चारशे बारा वेळा काढलं होतं.
रस्ते काटकोनात, दारं सगळी एका दिशेला.
एकदाच साइटवर नेलं आम्हाला.
गिरजाबाई नावाच्या एकीनं नकाशा उलटा धरला,
बराच वेळ बघितला, म्हणाली,
"ह्यात म्हस कुटं बांधू?
आन् जावंचं दार कुटं हाय?"
साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्यात.
मी समासात पेन्सिलीनं लिहून घेतलं, म्हैस.
ट्रेस करताना समास येत नाही.

आगपेटीत त्यांनी लेंड्या टाकल्या.
कापूस ओढून नेला.
कोठारातला राळा वाळूत पुरला
आणि वीतभर उंचीवर, तीन धाटांच्या मध्ये,
जिथं माझ्या नकाशात काहीच नव्हतं,
पाला मुळापासून न तोडता, जागच्या जागी उभा चिरून
पट्ट्या एकात एक ओवत
चौथ्या रात्रीपर्यंत घर केलं.
मी टॉर्चवर लाल जिलेटीन लावून बसले होते.
मला कुणी काही विचारलं नाही.

पाऊसकाळाला सोडून देईन, असं शमशोद्दीनला सांगितलंय.
त्याला पटत नाही.
मलाही रोज थोडं कमी पटतं.
तोवर दर आठवड्याला तो ताजी धाटं आणतो,
जाळीला नाक लावून बसतो,
"तिसरा कुटंय? तिसरा?" विचारतो.

काम पुरं झालं की एक नकाशा काढायचा असतो,
जसं ठरवलं होतं तसा नव्हे, जसं बांधलं गेलं तसा.
त्या चारशे बारा घरांचा कुणी काढला नाही.
गिरजाबाईनं म्हैस शेवटी कुठं बांधली,
कुठली भिंत पाडून जावेकडं वाट केली,
कुणी मोजून आणलं नाही. मीही गेले नाही.

आज टेबल काचेजवळ ओढलं.
धाटं एक, दोन, तीन.
मध्ये चेंडू, व्यास दोन इंच, जरासा डावीकडं कललेला.
मालक: ही जागा कोरी ठेवली.
सगळं उतरलं, फक्त दार कुठं दाखवू कळेना.
एक शेपूट आत जाताना बघितली,
तेवढ्याच जागेवर नजर ठेवली, पापणी न हलवता,
आणि तिथं पाला परत मिटला होता.