पन्नासाले तीन

गठ्ठा सुटला की आधी वास येतो.
घामाचा नाही. डांबरगोळ्यांचा, बंद ट्रकचा,
कदाचित समुद्राचा. समुद्र मी पाहिला नाही.
पट्टी कापली की तो श्वास सोडतो
आणि ताडपत्रीवर फुगत जातो
भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा.

मंगळवार, वाढोण्याचा बाजार.
एका हाताला सुकट, दुसऱ्या हाताला कुऱ्हाडीचे दांडे,
मधे मी ओरडते: पन्नासाले तीन, पन्नासाले तीन!

आधी खपतात लांब बाह्यांचे मर्दानी शर्ट.
कापूस वेचायला जाणाऱ्या बाया नेतात,
बोंडांची टोकं मनगटं सोलतात म्हणून.
लुगड्यावर शर्ट, गळ्यापर्यंत बटणं,
आणि कुठल्या मुलखातल्या कुण्या साहेबाच्या कॉलरमधून
मान काढून त्या पातीला लागतात.
एखाद्याच्या काखेत दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत असते.
साहेबानं तो घातलेलाच नसतो.

पंचफुलाबाई शेवटी येते, बाजार उठताना.
ती वाकया शिवते, तान्ह्या लेकरांच्या.
रंग पाहत नाही, माप पाहत नाही.
शिवणीतून एक धागा उपसते,
कनवटीची आगपेटी काढते.
"राख झाली त आपलं. गोयी झाली त नाही."
फुस्. काळी गोयी.
फुस्. गोयी.
सुकटवाला नाक दाबतो. मी काही बोलत नाही.
"याच्यात सुई फसते व गुंफे.
लेकरू मुतलं त मूत वरच रायते."

त्या दिवशी तेवीस काड्या गेल्या.
चोविसावा एक पांढरा शर्ट,
कॉलरला धोब्याच्या शाईनं आकडा: सतरा.
धागा जळला, वाकला,
तिच्या बोटावर नुसती राख उरली.
तिनं ती चिमटीत चुरली. हुंगली.
पन्नासची नोट काढली.
मी म्हटलं, एकाचे वीस दे.
"तीन लावले न तू? दोन तुह्यापाशी राहू दे."

न खपलेलं आम्ही नाल्याकाठी पेटवतो.
रात्रभर जळतं. सकाळी काळी ढेप,
थंड, परातीएवढी,
कुदळ मारली तर टण्ण वाजते.
शेळ्या हुंगतात आणि पुढं जातात.

घरी आले तर लाइन गेलेली.
अंधारात माझ्याच पदराचा एक धागा ओढला,
काडी पेटवली,
थोडा वेळ तशीच धरली.
मग वातीला लावली.