सत्तेचाळिसावं पान

दिवाडीहून होडीनं रायबंदर, तिथून पायी पणजी.
पाद्री लिबेरातु फुर्तादु असे यायचे,
बिस्किटांच्या डब्यात रोवुमाकाठचं युद्ध
आणि काखेत साळदाटी केळ्यांचा फणा, आम्हा जुळाऱ्यांसाठी.
तिथला हिंवताप वीस वर्षांनीही अंगात होता.
डाव्या हाताची थरथर झग्यात दडवून
उजव्यानं सुतळी सोडायचे,
मालकाला म्हणायचे, घाई नाही, युद्ध संपलंय.

मला पोर्तुगीज येत नव्हतं.
अक्षरं येत होती, तीही डोकं खाली, पाय वर.
नदी कुठली, खंदक कुठला, ठाऊक नाही;
खिळा उचलायचा, खाचेला अंगठा लावायचा,
ओळ भरली की पुढची.
मागे मळ्याच्या झरीवर बायका भांडायच्या,
ते मात्र सगळं कळायचं.

सत्तेचाळिसाव्या पानावर
डोक्यावर लाट असलेला ‘आ’ संपला.
घरात बोट फिरवलं, तळाची धूळ लागली.
म्हटलं, कागद पुन्हा बघू या.
खाली खाली एकच नाव. जुआंव. जुआंव. जुआंव.
मोजली. एकतीस.
तेवढं एकदाच तोंड उघडलं मी:
पाद्री, नकलताना चूक झालीय,
एकच माणूस एकतीस वेळा आलाय.

ते स्टुलावर बसले.
“चूक न्हय, पुरसो.
आमची ओझी वाहणारे होते. एका रात्रीत गेले.
त्यांची भाषा मला येत नव्हती,
पाणी थोडं होतं.
तोंडाला आलं ते नाव दिलं.”
मग बराच वेळ मशीनच बोलत राहिलं.

पुढच्या आठवड्यात डबा नव्हता, केळी होती.
ते पान सोड, म्हणाले.
सोडलं. खिळा खिळा आपापल्या घरी.
त्याच खिळ्यांनी पुढे फेस्ताच्या पत्रिका,
नारळांच्या पावणीची नोटीस,
कुणा वकिलाच्या मुलीचं लग्न.
पुस्तकात शेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस.
बिशपांच्या वाड्यावरून विचारणा आली
तेव्हा मालकानं जुळाऱ्याची चूक सांगितली,
माझा एक टंगा कापला.
मी काही बोललो नाही.

ते गेले तेव्हा काळ्या चौकटीची चिठी
मीच जुळवली.
त्यांच्या भाषेत प्रार्थनेलाही ती लाट लागते.
हात आपसूक गेला.

घर काठोकाठ भरलेलं होतं.