टाळूतली तितरी

चोपड्याच्या स्टँडमागे, डॉक्टर बोरोलेंच्या दवाखान्याच्या
मागच्या खोलीत मी कवळ्या करतो.
बावीस वर्षं. गावाची हसू माझ्या फडताळात
नावाच्या चिठ्ठ्या लावून सुकत असतात.

हिरजी पारधी अडावदहून आला, मार्च संपताना.
रुमालाच्या गाठीतून काढली त्यानं
बोकडाच्या शिंगाची चकती, अंगठ्याच्या नखाएवढी,
मधे फट, फटीवर कसलंसं पातळ कातडं,
कडेला बापाच्या दाढांचे खड्डे,
त्याच खड्ड्यांत नंतर याचे.
आता धरायला दाढच उरली नव्हती.
"माले दात नही पाहिजेत," म्हणाला,
"भाकर मी चुरीसन खास. माले तितरी पाहिजे."

ठसा घेतला. प्लास्टरमधे पाहिलं तर
टाळूला मधोमध एक पन्हळ,
साठ वर्षं जिभेनं जिथून हवा ढकलली तिथे,
ओढ्यानं खडकात पाडावी तशी.
असा टाळू मी पाहिला नव्हता.
वकिलांचाही नाही.

पहिली पट्टी एक्स-रेच्या फिल्मची,
कुणाच्या तरी बरगडीचा ढग अजून तिच्यावर.
आठ दिवस बोलली, मग थुंकीनं वाकली.
दुसरी दाढीच्या ब्लेडची. आवाज लख्ख,
आणि रुमाल लाल.
तिसरी सायकलच्या ट्यूबची, ती म्हशीसारखी हंबरली.
हिरजी इतका हसला की बाकावरचं प्लास्टर सांडलं.
मी फुंकून दाखवली तर म्हणे,
"फूक नको मारू. बोलाव त्याले."

मग भजनी मंडळाच्या मोडक्या पेटीतून
काळी चारचा पितळी सूर काढला,
घासला, घासला, कांद्याच्या पापुद्र्याएवढा केला,
कवळीच्या टाळूत बसवला,
डाव्या अंगानं लाळेला चर ठेवला, शेताला ठेवतात तसा.
मंद आचेवर पाण्यात शिजवला. सकाळी पॉलिश.

"किती टिकी?"
मी ऐटीत म्हणालो, तुझ्यामागंही राहील.
तो एकदम गप्प झाला.
शिंगाची चकती परत रुमालात बांधली,
गाठ दोनदा मारली.

संध्याकाळी त्याच्या शिवारात गेलो,
कापूस उपटलेल्या रानाच्या कडेला, बोरीच्या आड.
फासे त्यानं कधीच जाळले होते,
केस झाली त्या साली की पोरगं शाळेत गेलं त्या साली,
दर वेळी वेगळं सांगतो.
ओठ हलले नाहीत.
क-ती-तर, क-ती-तर,
आवाज त्याच्यातून नाही, ढेकळांतून आल्यासारखा.

नर आला. मान ताठ, पाय लाल, छाती काढून,
लग्नात उशिरा पोचलेल्या मामासारखा.
बोरीभोवती फिरला. थांबला. आम्हाला पाहिलं
आणि तरी आमच्यामागे बघत राहिला,
तिथे कुणीतरी असेल म्हणून.
हिरजीनं डोळे खाली घातले.
"खोटं बोलाले बी," तो परतताना म्हणाला,
"खरं तोंड लागस."
मग बराच वेळ काहीच नाही, फक्त चपला.

आता तो ती काढत नाही. जेवताना काढ, मी सांगतो;
मान डोलावतो. धुवायलाही देत नाही.
फक्त स आला की पट्टी थरथरते,
सासू, सोसायटी, साहेब, सगळ्यांत एक शीळ.
नातू मुद्दाम सतरा-सतरा म्हणायला लावतो.

परवा रेशनच्या दुकानात
त्याचा नंबर आला. "साखर," तो म्हणाला,
आणि गोदामामागच्या बाभळींतून
उत्तर आलं.
अख्खी रांग मागे वळली.
मापाडीही वळला, माप हवेत धरून.
हिरजी तेवढा समोर बघत राहिला,
तोंड घट्ट मिटून,
पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून.