लांबी

वालकिणीच्या वसाहतीतलं आमचं दार
यंदा पॉलिशला काढलं.
शाबा मेस्त साडेआठला आला,
पिशवीतून पत्रा काढला, ऐंशी नंबरचा कागद,
म्हणाला, आधी उघडं तर करू.

वरचा हिरवा माझ्या लग्नातला.
त्याखाली नारिंगी,
आतेभावाने खाणीवरून आणलेला, फुकटचा.
त्याखाली निळा, कुणालाच आठवेना कधीचा.
मग एकदम फणस,
पिवळाधमक, आजच चिरल्यासारखा.

चौकटीच्या उजव्या बाहीवर
मांडीच्या उंचीला एक खळगा निघाला,
तळहाताएवढा, गुळगुळीत.
रंध्याचा नव्हे, माणसाचा.
पण मांडीपाशी कोण हात टेकवतं?

मेस्ताने वाकून खालचं टोक पाहिलं.
कुर्डीहून आणलेली ना ही?
इथल्या घरांची उंची कमी पडली,
वीतभर पाय कापलेत हिचे.

म्हणजे तो हात कमरेशी टेकत होता.
बाबांना विचारलं.
ट्रकमध्ये चौकट घातली, कौलं घातली,
म्हैस मावली नाही, म्हणाले.
म्हशीचंच सांगत बसले.

मी मेस्ताला म्हटलं,
खिळ्यांची भोकं बुजवा, एवढं राहू द्या.
तो हो म्हणाला की नुसता खोकला, कळलं नाही.

सांग्याच्या बाजारातून परतले तर
भुसा कालवून लांबी भरलेली,
घासलेली, वर चपड्याचे तीन हात.
लाकडाची नसन् नस जुळवलेली.
“सोदून दाखय बाये,” म्हणाला,
आणि खरंच मला सापडेना.
रागवायचं होतं.
त्याचं तोंड बघितलं आणि चहा टाकला.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं.
बाबांनी कुर्डीला नेऊन जोतं दाखवलं,
दाराची जागा दाखवली:
दोन चिरे, मध्ये तडकलेला गाळ.
मी आत शिरताना उजवीकडे
कमरेशी हात धरून पाहिला.
बाबा म्हणाले, ऊन लागलं का गं तुला?

जुलैत लाकूड फुगलं.
दार लागेना, कडी बसेना.
लांबी तेवढी फुगली नाही.
काल रात्री खांद्याने रेटताना
दुसरा हात आधाराला गेला
आणि बोटं उतरली,
वीतभर खाली,
नखाएवढ्या खोलीत.

मेस्ताला अजून सांगितलेलं नाही.